उजव्या कानाचं तिरपं टोक

(तेलगावच्या शिवारात अर्जुनरावांचा ऊस तुटून गेलाय आणि मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवलीत. दिवस कलायला लागलाय, मेंढरं अजून चरायला गेलेली. जाळीत नुसती कोकरं. बाहेर घोंगडीवर तिघं: साखराबाई, पुण्याहून आजच आलेला तिचा मुलगा अंगद, आणि सहा वर्षांची असल्यापासून साखराबाईनंच वाढवलेली पुतणी ऋतुजा. साखराबाईच्या मांडीवर एक मेंढी आहे. ती ओरडत नाही, कारण तिच्यात कापूस भरलाय.)

साखराबाई : डोळे बग की हिचे! परातीएवढे. असले डोळे बघून लांडगा बी लाजून माघारी जाईल.

अंगद : खेळणं आहे माय ते. जपानी पद्धत असते ही. डोळे मोठे, तोंड बारीक. बघितल्याबरोबर माणसाला माया आली पाहिजे.

साखराबाई : तोंड बारीक मंग चरायची कशी? आन् नाक? नाक कुटं गेलं?

अंगद : नाक नसतंच. म्हणून तर गोड दिसते.

साखराबाई : लई गोड. बिननाकाची. जपानातून आणलीस व्हय?

अंगद : अमेरिकेतून. कंपनीनं पाठवली मला, कौतुक म्हणून. मी म्हटलं, मायला देऊ.

साखराबाई : आता तर जपानी म्हणलास.

अंगद : जपानी पद्धतीची. कंपनी अमेरिकेची, कार्टून त्यांचं, खेळणी शिवतात व्हिएतनामला, आणि चित्रं हलवतो आम्ही, पुण्यात बसून.

साखराबाई : बापा, चार मुलखाचं पाणी पिली की ही! आमच्या मेंढरांनी माजलगावच्या धरणापलीकडं काय बघितलं न्हाई. आन् तू काय करतोस म्हणलास? चित्रं हलवतोस?

अंगद : म्हणजे चालवतो. चित्रातली मेंढी उडी मारते, पळते, मान वळवते, ते आम्ही करतो.

साखराबाई : म्हंजे वळतोस. खरी मेंढरं वळायला लाज वाटत व्हती, म्हून आश्रमशाळेतून घरला येत नव्हतास. आता खोटी वळायला पुण्याला जाऊन बसलास. ऐकलं का गं ऋतू, तुज्या दादाचं?

ऋतुजा : ऐकतेय काकू. कोकराला बाटली लावलीय, पण कान मोकळे हायत.

अंगद : हस, हस. तुला काय माहीत तिकडं काय वेड आहे. अमेरिकेतली पोरं, पोरं कसली, दाढीमिशावाले बाप्ये, जपानी कार्टूनमधल्या माणसांसारखे कपडे घालून जत्रेला जातात. निळे केस, लाकडी तलवार, शेपूट. हजारो माणसं.

साखराबाई : बहुरूपी.

अंगद : बहुरूपीच. पण तिकीट काढून जाणारे.

साखराबाई : आपला बहुरूपी दारात आला तर पसाभर ज्वारी मागतो. हे स्वतःच्या खिशातलं देऊन सोंग काढतेत? शाणे लोक म्हणायचे का काय म्हणायचं?

अंगद : आमच्या अमेरिकेच्या मॅडम आहेत ना, त्यांच्या टेबलावर अकरा जपानी बाहुल्या आहेत. मांजराचं नाव जपानी. शेवया काड्यांनी खातात. जपानला एकदा पण गेलेल्या नाहीत.

ऋतुजा : म्हणजे तुझ्यासारख्याच. तू बी नारायणगडाला न जाता प्रसाद वाटतोस.

अंगद : तुझी जीभ लांबली गं लई.

साखराबाई : आता कसा घरच्यावानी बोललास! मगापासून रेडिओवरचा माणूस बोलतोय वाटत व्हतं. बरं, नाव काय हिचं?

अंगद : मोकुमो.

साखराबाई : आन् करते काय ही मोकूमो?

अंगद : गोष्ट छान आहे. जपानच्या डोंगरात एक कोकरू असतं. ते जन्मतानाच त्याची आई मेलेली असते. डोळ्यांभोवती काळी कडी. पाठीवर घोंगडी, गळ्यात कंदील. दिवस बुडाला की जी कोकरं चुकलीत त्यांना शोधायला निघतं. रोज एक कोकरू सापडतं, रोज एक गोष्ट.

साखराबाई : जपानात धनगर असतेत?

अंगद : असतील. डोंगर आहेत म्हणजे असणारच.

साखराबाई : बिनमायचं कोकरू. डोळ्याला काळी कडी. पाठीवर घोंगडीचा तुकडा. आरं, ही तर आपली काजळी!

अंगद : माय, अशा हजार मेंढ्या असतात जगात.

साखराबाई : असत्याल की. मी आपलं म्हणलं. काजळीला मरून दोन पावसाळे झाले, पर कोकरू दिसलं की तीच ध्यानात येती. ह्या पोरीनं बाटलीवर जगवली. थंडीत ज्वर आला तवा घोंगडीचा कोपरा फाडून पाठीला बांधला व्हता. तो तिनं मरस्तोवर सोडू दिला न्हाई, काढाया गेलं की शिंगाड्या एडक्यावानी मारायची. आठवतं का तुला?

अंगद : थोडंफार.

साखराबाई : ऋतू, ये की इकडं. बग तरी भावानं काय आणलंय.

ऋतुजा : मी बघितलीय काकू. महिना झाला, रोज फोनवर बघतेय. दादा, तू आता कागद काढ.

अंगद : कसला कागद?

ऋतुजा : गाडीतून उतरल्यापासून तुझा हात खिशावर हाय. चहा पिताना सुद्धा डाव्या हातानं पिलास. काढ, काका मेंढरं घेऊन यायच्या आत काढ. काका येण्याआधी उरकायचं म्हणून तर दुपारीच आलास ना?

साखराबाई : कागद कसला रे?

अंगद : काही नाही माय. ऋतूच्याच भल्याचं आहे. तिनं महिन्यापूर्वी इन्स्टाग्रामवर चार चित्रं टाकली. मोकुमोसारखी. अगदी तशीच. आता तिकडचे लोक असे आहेत की, त्यांच्या आवडीच्या गोष्टीला कुणी हात लावला की चवताळतात. हिला नाही नाही ते लिहायला लागले.

साखराबाई : काय लिहितेत?

ऋतुजा : चोरटी.

साखराबाई : कुणाला? तुला?

ऋतुजा : मलाच. अठरा-वीस वर्षांच्या पोरी, केस निळे, डोळे निळे. म्हणतात, जपानच्या डोंगरातली गोष्ट तू चोरलीस. एकीनं लिहिलं, तुमच्याकडं स्वतःचं काय नसतंय का? पहिल्या दिवशी वाचलं तवा मला वाटलं, भाषांतर चुकलंय फोनचं.

साखराबाई : आन् मला बोलली न्हाईस?

ऋतुजा : काय बोलू? आधी मला दादाला इचारायचं व्हतं. सतरा फोन केले. हा उचलंना. आज आपणहून आलाय, बाहुली घेऊन.

अंगद : कामात होतो गं. आता ऐक. कंपनी म्हणते, वाद नको. एवढ्या कागदावर सही कर, विषय संपला. तुला कोण काही बोलणार नाही, ती जबाबदारी माझी.

साखराबाई : वाच गं काय लिहिलंय ते.

अंगद : इंग्रजीत आहे, मी सांगतो.

ऋतुजा : दे इकडं. बी.ए. झालेय मी, माजलगावच्या कॉलेजात इंग्रजी कुणी जाळलं नव्हतं. हं. ‘मी, ऋतुजा हनुमान, राहणार तालुका माजलगाव, जिल्हा बीड, असं लिहून देते, की सदरहू चित्रं मी मोकुमो ही मालिका बघून, तिच्या प्रेमापोटी काढली. ह्यातलं काही माझ्या कल्पनेतलं नाही.’

साखराबाई : मंग? तसंच हाय का ते?

ऋतुजा : काकू, चार वर्षांमागं दिवाळीत दादा आलता. मी बारावीला व्हते. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. आठवतं? तुमी वरडायच्या, मेंढरं सोडून चित्रं काढती म्हणून.

साखराबाई : त्या वहीपायी तुला एक चापट बी मारलती मी. काजळीची चित्रं. गळ्यात कंदील... 

ऋतुजा : कंदील.

साखराबाई : अंगद.

अंगद : माय, ऐक ना—

साखराबाई : वही तूच घेऊन गेलतास. म्हणलास, साहेबाला दाखवतो, ऋतूला पुण्यात लावतो. मी तुला त्या दिशी मटण खाऊ घातलं.

अंगद : घेऊन गेलो होतो, नाही कोण म्हणतंय? पण दाखवायची संधीच नाही आली. मग खोली बदलली, त्या गडबडीत हरवली. ते मी हिला तेव्हाच सांगितलं.

ऋतुजा : तेव्हा न्हाई. दोन वर्षांनी. मी वही माघारी मागितली तवा.

अंगद : हरवली ती हरवली! आता कंपनीला जपानी गोष्ट कुठनं मिळाली, मला काय ठाऊक? मोठमोठे लोक आहेत, पुस्तकं वाचतात, शोधतात. मी साधा चित्रं हलवणारा. कोकरू, कंदील, घोंगडी हे कुणालाही सुचू शकतं. योगायोग म्हणून काही असतो की नाही?

साखराबाई : असतो बाबा. एकदा तुज्या बापाच्या अंगरख्यावानीच अंगरखा अर्जुनरावाच्या गड्याच्या अंगावर व्हता. खिशाचं ठिगळ सुदिक सारखं.

अंगद : टोमणा मारू नको माय. मी खरं सांगतोय.

साखराबाई : मला खरंच वाटू दे रे. तेवढ्यासाठीच इचारतेय. हे बग, पोरगी चार वर्षं गप ऱ्हायली, तू बी माझ्याच पोटचा. दोघंबी एकाच ताटातले. एकाचं खरं म्हणलं तर दुसरं खोटं पडतंय. बिरोबाचा भंडारा हाय पिशवीत. उचलशील?

अंगद : भंडारा?

साखराबाई : उचलून सांग, वहीतलं एक चित्र बी मी कुणाला दिलं न्हाई. मंग मी सोता ह्या पोरीचा आंगठा ठिवते कागदावर.

ऋतुजा : काकू!

साखराबाई : तू गप. हां, बोल.

अंगद : उचलतो. काढ भंडारा. मला काय भ्या हाय?

ऋतुजा : दादा, नको. कागद दे, मी करते सही. पर भंडारा उचलू नको.

अंगद : बघ, आता कशी घाबरली!

ऋतुजा : माझ्यासाठी न्हाई घाबरले रे मी.

साखराबाई : सरक, उठू दे मला. ही बिननाकाची घे तुज्याकडं, पिशवी तिकडं खुंटीला... थांब.

अंगद : काय झालं?

साखराबाई : थांब म्हणलं ना. हिचा कान.

अंगद : कान काय?

साखराबाई : डाव्या कानाला दोन चिरे हायत. वरल्या बाजूला. बोटाला लागले. ऋतू, बग गं, माज्या डोळ्याला कमी दिसतंय. दोनच हायत का तीन?

ऋतुजा : दोन.

साखराबाई : शिवताना उसवलं आसंल?

ऋतुजा : उसवलेलं न्हाई. कडंनं दोरा मारलाय, नीट.

साखराबाई : अंगद, हे काय हाय?

अंगद : ते? ते डिझाईन आहे. कान जरा कुरतडलेला ठेवलाय. जपानी लोकांना ना, गोष्ट अगदी धड आवडत नाही. फुटकी वाटी असली तर ती सोन्यानं सांधतात आणि मिरवतात. तसं हे. पहिल्याच भागात दाखवलंय, त्या डोंगरातल्या कोकरांचे कान वारा कुरतडतो.

साखराबाई : वारा.

अंगद : गोष्ट आहे गं माय!

साखराबाई : आन् उजवा? उजव्या कानाचं टोक तिरपं हाय. हे बी वाऱ्यानंच नेलं?

अंगद : असेल. मी काय प्रत्येक रेघ लक्षात ठेवतो का?

साखराबाई : कान चिरायच्या दिशी तू कुटं असायचास रे, ल्हानपणी?

अंगद : आता ते कशाला?

साखराबाई : सांगते. उसात दडून बसायचास. रगत बघवत न्हाई म्हणायचास. तुजा बाप हाका मारून दमायचा. आन् ही, पाच वर्षांची, हळदीची वाटी धरून तिच्या बापाजवळ उभी ऱ्हायची. चिरा दिला की लगेच हळद दाबायची. म्हून हिला ठावं हाय आन् तुला न्हाई. आरं, डाव्या कानाला दोन चिरे ही आपल्या घरची खूण. माज्या सासऱ्याच्या बापापासनं. बाजारात हजार मेंढरं असू द्यात, त्यातनं तुजा बाप आपली मेंढी हात लावून काढतो.

अंगद : दोन चिरे कुणीपण देऊ शकतं.

साखराबाई : देऊ शकतं. म्हून तर उजवा कान इचारला. दोघं भाऊ वेगळे झाले तवा खूण बी वाटली. तुज्या बापानं नुसते दोन चिरे ठिवले. हनुमानभावजींनी, म्हंजे हिच्या बापानं, दोन चिरे आन् उजव्याचं टोक तिरपं. म्हंजे घर एकच, पर वाटा वेगळा. अंगद, ही आपली मेंढी न्हाई. ही हनुमानभावजींची मेंढी हाय.

अंगद : माय...

साखराबाई : तवापासून त्यांच्या वाट्याच्या मेंढरालाच ही खूण. ते गेले तवा ही सहा वर्षांची. पुढं ती मेंढरं कुटं गेली, सांग.

अंगद : मला काय माहीत.

साखराबाई : तुज्या शिक्षणाला गेली. चित्रं हलवायचं शिकायला पुण्याला निघालास तवा माजलगावच्या बाजारात मीच उभी व्हते. आमच्या कानाची एक न्हाई इकली, भावजींच्याच कानाची सगळी. माज्या मनात व्हतं, पोरगा कमावता झाला की ह्या पोरीला हात देईल. ह्या पोरीला इचारलं, तर बारा वर्षांची पोर म्हणली, काकू, काजळी तेवढी ठिवा. तेवढी ठिवली. त्यानंतर ती खूण आमी कुणाच्याच कानावर दिली न्हाई. काजळी मेली तवा खूण बी मेली. सगळ्या मुलखात न्हाई. आन् तू म्हणतोस जपानच्या डोंगरात हाय!

ऋतुजा : वहीत काढलती मी. पहिल्याच पानावर. कान मोठा करून, कडंला लिहिलं व्हतं, ‘आण्णांची खूण’.

साखराबाई : भंडारा ऱ्हाऊ दे आता. तो उचलला असतास तर पुरता बुडाला असतास. बस खाली. बूट काढ आन् बस. काय झालतं ते सांग.

अंगद : मला नव्हतं माहीत, ती खूण आहे.

साखराबाई : ते दिसलंच. पुढं.

अंगद : तीन वर्षं झाली. त्या मॅडम स्क्रीनवर होत्या, अमेरिकेतून. सगळ्यांना म्हणाल्या, नवीन काही असेल तर दाखवा. सगळ्यांनी दाखवलं, त्यांना काही पटेना. माझी पाळी आली. माझ्याकडं माझं काहीच नव्हतं. बॅगेत वही होती. मी उघडून धरली. मी म्हणणार होतो, माझ्या बहिणीची आहे. आईशपथ म्हणणार होतो.

ऋतुजा : मग?

अंगद : बाई एकदम पुढं वाकल्या. त्यांनी विचारलं, हे जपानी आहे ना? जुनी लोककथा आहे का तिकडची? ऋतू, तोंडावर असा उजेड पडला होता त्यांच्या. मला वाटलं, नाही म्हटलं की तो विझेल. मी म्हटलं, हो.

साखराबाई : एवढंच?

अंगद : एवढंच. एक ‘हो’. त्यानंतर दुसरं काही बोलायची जागाच राहिली नाही. मला टीमचा प्रमुख केलं. जाहिरातीत लिहिलं, ‘जपानच्या डोंगरातून आलेली’. आता मी कुठल्या तोंडानं सांगू की तेलगावच्या शिवारातून आलीय?

ऋतुजा : ह्याच तोंडानं. बारीक हाय, पर हाय ना.

अंगद : तू समजून घे गं! बीडच्या धनगराची मेंढी म्हटलं असतं तर कुणी बघितली असती? त्यांनी बीड हे नाव ऐकलेलं नाही. त्यांना डोंगर पाहिजे तर जपानचा, भूत पाहिजे तर जपानचं. तिकडची पोरं त्यावरच वाढलीत. मी काजळीला जपानी केली म्हणून ती आज लाख लेकरांच्या उशाला झोपते. नाहीतर त्या वहीत वाळवी लागली असती.

ऋतुजा : वही हरवली न्हाई म्हणजे.

अंगद : ...माझ्या कपाटात आहे.

ऋतुजा : दोन वर्षं मी सोताला शिव्या देत व्हते दादा. म्हटलं, आपणच चांगली वही दिली न्हाई, पुठ्ठा फाटका व्हता, म्हणून साहेबानं उघडली नसंल. मग वाटलं, आपल्याला येतच न्हाई काही. कातर घेतली आन् लोकर कातरायला लागले. गेल्या महिन्यात कॉलेजातल्या मैतरणीनं, धनश्रीनं, तिच्या फोनवर ते कार्टून दाखवलं. मी काय केलं, म्हायतेय? आधी हसले. काजळीला चालताना बघितलं, दोन वर्षांनी. डावीकडं झोकांडी देऊन चालायची ना ती, तशीच चालत व्हती.

अंगद : ते मी केलं. चाल मी दिली तिला. मला तेवढं आठवत होतं.

ऋतुजा : चांगली दिलीस.

साखराबाई : आता कौतुक नको करू त्याचं.

ऋतुजा : खरं ते खरं काकू. मग मी आठवून आठवून चार चित्रं काढली आन् टाकली. तवा हे चोरटी-बिरटी सुरू झालं. दादा, पण तू एक सांगितलं न्हाईस. कंपनी एकाएकी घाबरली कावून? बीडच्या पोरीला हजार लोकांनी शिव्या दिल्या, त्यात कंपनीचं काय जातंय?

अंगद : ते... कायदा असतो.

ऋतुजा : मी सांगते. माझ्या चित्राखाली एका बाईनं लिहिलं. म्हातारी हाय, गोष्टींची पुस्तकं सांभाळायची नोकरी केलीय तिनं. तिनं लिहिलं, आमच्या डोंगरात अशी गोष्ट न्हाई. मी जन्मभर शोधून वाचलंय, न्हाई. मग हे कोकरू कुणाचं हाय? कान बघून वाटतं, कुणीतरी सांभाळलेलं हाय.

साखराबाई : कुठली बाई?

ऋतुजा : जपानची.

साखराबाई : आगं माय.

ऋतुजा : हजार जणांत एकीनंच इचारलं, कुणाचं हाय. ज्यांच्या नावावर चोरलं त्यांनीच. दादा, त्या बाईला मी अजून उत्तर दिलं न्हाई. म्हणलं, आधी भावाला इचारू. भाऊ म्हणाला असता, ऋतू, माझं चुकलं, तर मी तिला काय बी लिहिलं असतं. योगायोग बी लिहिला असता.

अंगद : मग आता म्हणतो. चुकलं माझं. झालं? आता सही कर. ऐक, सही झाली की दोन महिन्यांत तुला पुण्यात लावतो, माझ्याच टीममध्ये. शब्द देतो.

साखराबाई : चार सालामागं हाच शब्द दिलतास. तो आधी माघारी दे, मंग नवा दे.

अंगद : माय, सही नाही झाली तर माझी नोकरी जाईल! बाईंना कळलं तर मला उभं करणार नाहीत कुठं. आज संध्याकाळपर्यंत कागद पाठवायचाय. तू माझी माय आहेस का हिची?

साखराबाई : हिला माय न्हाई म्हून मी हिची झाले. तुला व्हती म्हून तू हितवर आलास. दे कागद इकडं. ऋतू, कातर आण.

अंगद : कातर कशाला?

साखराबाई : लोकरीची न्हाई गं, ती ल्हान. कानाची. पिशवीत भंडाऱ्याजवळ हाय.

ऋतुजा : ही घ्या.

साखराबाई : धर कागद ताणून. डावी बाजू कंची, ही? हं. एक.

अंगद : माय! अगं काय करतेस? शिक्का आहे त्याच्यावर कंपनीचा!

साखराबाई : दोन. आता उजवा कोपरा धर पोरी. असा नगं, तिरपा. तुजा बाप जरा जास्तच तिरपा घ्यायचा. झालं. घे अंगद. पोरीची सही हीच हाय. पाठव तुज्या बाईला. तिच्या टेबलावरच्या बाहुलीच्या कानाला लावून बग म्हणावं, जुळतंय का.

अंगद : ह्याचा अर्थ कळतो का तुला?

साखराबाई : मलाच कळतो. ऋतू, ही बिननाकाची घे. तुज्या बापाच्या कानाची हाय, तुज्याकडं ऱ्हाऊ दे. आन् त्या जपानच्या म्हातारीला आजच लिही. लई वाट बघायला लावलीस बिचारीला. काय लिहिशील?

ऋतुजा : कोकरू आण्णांचं हाय म्हणून. नाव काजळी. अजून काय?

साखराबाई : लिही, एकदा येऊन जा. भाकरी खाऊ घालते म्हणावं.

अंगद : आणि मी? मी काय करू?

साखराबाई : मेंढरं चोरणारे मी लई बघितले. एकदा माजलगावच्या बाजारात आपल्या तीन मेंढ्या सापडल्या. चोरानं खूण मिटावी म्हून कानच अर्धे उडवले व्हते. म्हंजे चोराला बी ठावं असतं, आधी कानाचं बगावं. तुला तेवढं बी ठावं न्हाई. जनावराच्या घरात जन्मलास, आन् चोरी सुदिक बाहेरच्यावानी केलीस.

अंगद : माय, असं नको बोलू. मी तुझाच पोरगा हाय.

साखराबाई : आसशील. तिन्हीसांजचं मला नीट दिसत न्हाई. ये असा उजेडाला. तुजा कान बगू दे.